सुट्टे

मेडिकलमधला डॉक्टर विचारायचा, एक ते दहामध्ये किती?
कौसाआत्या आण्यांत विचारायची.
"किती आणे वं आज, कुमुद?"
मी न मिटणारी बोटं बघून सांगायची,
दहा. कधी साडेबारा.
सोळा मी कधीच सांगितले नाहीत.
पुरा रुपया कोणाले दाखवू नये, असं तिचंच म्हणणं.

एकोणिसाव्या वर्षी माझे गुडघे गेले.
गेले म्हणतात सगळे. कुठे गेले?
इथेच आहेत, रात्रभर बोलत बसतात.
त्याच साली गोळीबार चौकातल्या घरचा माग
आत्याने मोडीत काढला.
एक दांडा तेवढा ठेवून घेतला,
काचेने तासला, जवसाचं तेल पाजलं,
बुडाला रबराचं बूच ठोकलं.
चाळीस वर्षं त्याने लुगड्यांचा ताणा धरला होता.
मग मला धरलं.

पाया पडणं मला जमायचं नाही.
दिवाळीला, नोकरी लागली तेव्हा,
मी कमरेत जराशी हलायची
की आत्या खेकसायची, "काहून तरास घेतं?"
आणि दिवाणावर बसून दोन्ही पाय स्टुलावर ठेवायची,
भेगांसकट, जोडव्यांसकट, एखाद्या राणीसारखी.
"घे. आले पाय वर. आता पड."

यंदा मार्चमध्ये तिच्या पोटात निघालं.
वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्टच्या दारावर चिकटपट्टीने लावलेला कागद.
मी खाली बाकावर बसून राहायची,
हेमराज वरून फोनवर तिचा चेहरा दाखवायचा,
अर्धा चेहरा, अर्धा पंखा.
मेच्या शेवटी, नवतपा लागला तेव्हा, तिला घरी आणलं.

तिच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता
दर खेपेला वर येतो, घर दर खेपेला खाली जातं.
आता दारात उतरायला तीन पायऱ्या.
तीन पायऱ्या म्हणजे मला चार आणे.
उतरले.

आत कूलर, ओल्या वाळ्याचा वास,
पंपाची घरघर, मध्येच कोरडी.
मला तिला कुशीवर वळवता येत नव्हतं.
पाय दाबता येत नव्हते.
पेला दोन्ही तळव्यांत धरून नेला,
अर्धा तिच्या गळ्यावर सांडला.
ती म्हणाली, "थंड वाटलं."

एक सांगते, सांगायला नको खरं तर.
तिचा श्वास अडकत होता
आणि मला माझी साडेनऊची गोळी आठवत होती.
मी घेतली. तिच्यासमोरच, तिच्याच तांब्यातल्या पाण्याने.
मग विचारलं, "किती आणे, आत्या?"
डोळे न उघडता म्हणाली,
"सुट्टे नाईत, बाई."

सकाळी तिला जमिनीवर घेतलं.
एकेक जण वाकून कपाळ टेकवत होता,
मी भिंतीशी, खुर्चीत.
कोणी म्हणालं, तुम्ही हात जोडा लांबूनच, चालते.
मी हात जोडले. तेही पुरते जुळत नाहीत.

तिरडी दाराशी आली,
तीन पायऱ्या चढून रस्त्यावर गेली, खांद्यावर.
मी काठी टेकत मागून,
एक पायरी, दुसरी, घाम, तिसरी.
तोवर चौघं पुढे गेलेले.
हेमराज मडकं धरून सगळ्यांच्या पुढे.
त्याने एकदा मागे पाहिलं आणि थांबला.
थांबला म्हणून सगळे थांबले,
एक ई-रिक्षासुद्धा.

पाय माझ्या तोंडासमोर होते.
वाकावं लागलं नाही.
जोडवी काढून घेतली होती,
बोटांवर त्यांचे गोरे वळ.

गंगाबाई घाटावर मी गेले नाही.
घरी आले, खुर्ची कूलरसमोर ओढली.

आता पहाटे चार वाजता जाग येते.
टाकी रिकामी झालेली असते,
पंप नुसता हवा ओढतो.
पाणी भरायला उठावं लागेल, ती बादली, तो नळ.
काठी पलंगाला टेकून उभी.
पावणेपंधरा, मी अंधारात सांगते,
वरचा सव्वा आणा राहू दे तुझ्याकडे.